बाप्यांचा तक्ता

आमच्या कचेरीत माणसं मोजायचं काम चाले. म्हणजे विद्यापीठात शिकवणारी माणसं. देशात शिकवणारे किती, त्यातले पुरुष किती, बायका किती, हे दरवर्षी मोजायचं, तक्ते करायचे आणि शेजारच्या देशाच्या तक्त्यांशी ताडून बघायचे. यात ऐकणाऱ्याला जांभईच येणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या आईने शेवटपर्यंत मला "तू तिथे नक्की करतेस तरी काय" हे विचारायचं सोडलं नाही. पण याच कामात मी उभं आयुष्य काढलं, आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने माझ्याहून जास्त. हे सगळं त्यांच्याबद्दल आहे.

बायकांचा तक्ता माझ्याकडे असे आणि पुरुषांचा त्यांच्याकडे. म्हणून कचेरीत त्यांना सगळे बाप्येसाहेब म्हणत. साहेब ते कधी झालेच नाहीत, त्यांची गाडी वरिष्ठ गणकावर अडली ती तिथेच राहिली. पण नाव पडलं ते पडलं. मला बायकांच्या बाई म्हणायचे. मी चिडायचे, ते चिडायचे नाहीत. "बाप्ये मोजतो म्हणून बाप्येसाहेब. उद्या गाढवं मोजायला लावली तर काय म्हणतील, त्यापेक्षा हे बरं," असं म्हणून पुन्हा कागदात डोकं घालायचे.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये खिडकी, आणि खिडकीखाली एका बुटक्या स्टुलावर काळा फोन. कचेरीत परदेशी बोलता येईल असा तेवढा एकच फोन होता. त्याचा आवाज इतका मोठा की पलीकडचा माणूस खोलीतच उभा राहून बोलतोय असं वाटावं. त्यावर गुपित असं काही बोलता यायचं नाही, आणि आम्हा दोघांनाही तशी गुपितं नव्हती. परदेशी फोन लावायचा तर आधी चिठ्ठी भरायची: कुणाला, कुठे आणि कारण काय. त्यावर मोठ्या साहेबांची सही घ्यायची. कारण पटलं नाही तर चिठ्ठी परत यायची.

माझ्या टेबलाशी कायम वर्दळ. यंदा विद्यापीठांत बायका किती वाढल्या, शेजारच्या देशापेक्षा आपण पुढे की मागे, हे विचारायला वर्तमानपत्रवाले यायचे, संस्थावाल्या यायच्या, मंत्र्यांचं भाषण लिहिणारे तर आकडा बदलता आला तर बघा म्हणायचे. बाप्येसाहेबांकडे कुणी फिरकायचं नाही. मी एकदा सहज म्हटलं, "साहेब, तुमचं बरं आहे, शांतता असते."

"शांतता कसली, बाई," ते म्हणाले. "बायका मोजाव्या लागतात, बाप्ये काय, असतातच, असं वाटतं सगळ्यांना."

पण ते नुसते असत नव्हते. आपल्याकडे कमी होत होते. पगार तुटपुंजा, बढती मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे जरा बरं काही मिळालं की बाप्या विद्यापीठ सोडायचा. कुणी व्यापारात जायचा, बरेचसे सरळ सीमा ओलांडून शेजारच्या देशात शिकवायला. तिकडचा आकडा चढत होता, इकडचा उतरत होता. आणि खरी कटकट इथेच होती. जे रजा घेऊन तिकडे गेले, त्यांना आपलं विद्यापीठ आपले म्हणून मोजायचं आणि तिकडचं विद्यापीठ तिकडचे म्हणून. एकच माणूस दोन देशांत. त्याला एकीकडून काढायचा, पण दोन्हीकडून निघून जाता कामा नये. नियम होता, पगार जिथे तिथे मोजा. पण अर्धा पगार इथे आणि अर्धा तिथे असलेलेही निघायचे. हे निस्तरता निस्तरता बाप्येसाहेबांचे दिवसच्या दिवस जायचे. दोन टोकं केलेली पेन्सिल होती त्यांची, एकीकडे निळी, दुसरीकडे तांबडी. आपला बाप्या निळा, त्यांचा तांबडा. कुठल्याशा लहान विद्यापीठाच्या यादीत एक माणूस कमी दिसला तर ते पत्र पाठवायचे, "गेल्या वर्षीचे अमुक विषयाचे अध्यापक यंदा दिसत नाहीत. ते वारले की बदलले, कृपया कळवावे." मी हसायचे. ते म्हणायचे, "हसू नका. त्या बिचाऱ्याची चौकशी दुसरं कोण करणार आहे?"

दोन्ही देशांचं मिळून एक वार्षिक पुस्तक निघे. एकाच पानावर डावीकडे आमचा तक्ता, उजवीकडे त्यांचा. छापायच्या आधी त्यांचा आमच्याकडे यायचा आणि आमचा त्यांच्याकडे जायचा. ज्याला दुसऱ्याच्या तक्त्यात तफावत सापडेल त्याने फोन करायचा. तफावत नसेल तर फोन नाही, खर्च नाही, सही करून पुढे पाठवायचं.

आमच्या तक्त्यात कधी तफावत नसायची. बाप्येसाहेबांच्या हातून ती झालीच नाही. त्यामुळे पलीकडून आम्हाला फोन यायचं कारणच नव्हतं. त्यांच्या तक्त्यात मात्र दरवर्षी चूक असायची. अगदी न चुकता.

तो तक्ता आला की बाप्येसाहेब खुर्ची पुढे ओढायचे आणि दोन पानं उलटायच्या आत त्यांचा आवाज यायचा. "हे बघा. केला घोळ. यंदाही केला."

एका वर्षी एका अख्ख्या विद्यापीठातले पुरुष गायब होते. दुसऱ्या वर्षी तीच ओळ दोनदा उतरवलेली. एकदा तर बायकांचा आकडा पुरुषांच्या खाली आणि पुरुषांचा बायकांच्या. "सगळ्या बायकांना मिशा लावून टाकल्या या गृहस्थाने," बाप्येसाहेब म्हणाले, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. मग राग यायचा. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी ती कचेरी. आणि गंमत बघा बाई, तो रजेवरच्या माणसांचा अवघड हिशेब असतो ना, तो यांचा तंतोतंत बरोबर. साधी बेरीज चुकते. अवघड जमतं आणि सोपं चुकतं. काय माणूस आहे!"

मग चिठ्ठी. कारण: तफावत. मोठे साहेब मान वर न करता सही करायचे. बाप्येसाहेब टोपी काढून ठेवायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि स्टूल जवळ ओढून नंबर फिरवायचे. फोनवर बोलताना केस कशाला नीट करायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यांची भाषा आणि आपली भाषा सख्ख्या बहिणी नाहीत, पण मावसबहिणी नक्कीच. सावकाश बोललं की सगळं कळतं.

"कोण, पलीकडचे का?" इकडून.

"हो. पलीकडचेच ना?" तिकडून.

दोघांनीही एकमेकांचं नाव कधी विचारलं नाही. आधी कामामुळे राहिलं असेल, मग इतकी वर्षं झाल्यावर विचारायचं कसं, असं झालं असेल. दोघंही एकमेकांना पलीकडचे म्हणायचे.

"अहो, काय केलंत हे? बेरीज बघा जरा. शाळेतलं पोरसुद्धा अशी चूक करणार नाही. किती वेळा सांगायचं तुम्हाला? इतके वेंधळे कसे हो तुम्ही?"

"चुकलंच. वय झालं. लिहून घेतो, सांगा."

बाप्येसाहेब सांगायचे, ते लिहून घ्यायचे. इथे काम संपायचं. फोन मात्र संपायचा नाही.

"आमचे किती पळवलेत यंदा?" बाप्येसाहेब विचारायचे.

"पळवले नाहीत. आपल्या पायांनी आले. तुम्ही त्यांना नीट ठेवत नाही, आम्ही काय करू?"

"आमच्याकडचे तेवढे हुशार तुम्हाला, आणि तुमच्याकडून आमच्याकडे कोण येतं, तर तो एक प्राणिशास्त्रवाला."

"तो आम्हालाही नको होता."

मग हवा कशी आहे, तिकडे धुकं फार पडलंय, खोकला जात नाही. इकडे जिना चढवत नाही. नवा चष्मा. भाडं वाढलं. एकदा पलीकडचे म्हणाले होते की घरात आता बोलायला कुणी उरलं नाही, त्यामुळे बोलायची सवय मोडत चालली आहे. बाप्येसाहेब म्हणाले, "माझी तर मोडलीच." मी तेव्हा कपाटात काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं.

आणि प्रत्येक वेळी शेवटी पलीकडचे विचारायचे, "गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर," बाप्येसाहेब म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मग दिवसभर कामात शीळ घालायचे. शीळ बेसूर होती, पण वर्षातून एकदाच ऐकायची म्हणून मी ती सहन करायचे.

एकदा ते आजारी पडले म्हणून काही कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकाला कोपरा. बायको लग्नानंतर लवकरच गेली होती, मूलबाळ नव्हतं, एक बहीण दूरगावी. हे सगळं कचेरीत माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि जाऊन बघणं वेगळं. खोलीत दोन खुर्च्या, त्यातली एक वर्तमानपत्रांनी भरलेली, कारण तिच्यावर कुणी बसायचं नाही. फळीवर एकच कप. मला चहा द्यायचा म्हणून त्यांनी आपण पेल्यातून घेतला. रेडिओ चालू होता आणि त्यावर हवामान सांगत होते. मी दोन मिनिटं ऐकलं आणि लक्षात आलं की गावांची नावं आपली नाहीत.

"हे तिकडचं का लावलंय, साहेब?"

ते जरा गडबडले. "असंच. लागतं ते स्टेशन." मग कप खाली ठेवत म्हणाले, "उद्या तिकडे दाट धुकं आहे. त्यांना खोकला होतो धुक्यात."

घरी जाताना मला स्वतःच्या घरातला गोंगाट आठवला, ज्याच्या नावाने मी रोज बोटं मोडायचे. त्या दिवशी मोडली नाहीत.

पुढे मोठे साहेब गेले आणि नवे साहेब आले. हुशार माणूस, वय कमी, बोलणं गोड. तक्ते आता टायपाऐवजी कॉम्प्युटरवरून जायला लागले होते. नव्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "एकूण शिक्षक आपल्याला कळतात. बायका बाई मोजतात. मग पुरुष वेगळे कशाला मोजायचे? एकूणातून बायका वजा केल्या की पुरुष आलेच की."

गणित बरोबर होतं. बाप्येसाहेब म्हणाले, "रजेवरचे राहतील, साहेब."

"त्यांची काळजी प्रोग्रॅम घेईल," नवे साहेब म्हणाले. "घाई नाही. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय, तोवर चालू द्या. मग हे टेबल बंद करू."

जिन्यात बाप्येसाहेब मला म्हणाले, "उभं आयुष्य मोजले, आणि आता वजाबाकीत उरतील." मी त्यांना समजवायला गेले, पण टेबलाचं दुःख त्यांना तेवढं नव्हतंच. खाली उतरेपर्यंत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे फोन आता यंदाचा एक, बस." मग स्वतःशीच ठरवल्यासारखं बोलले, "यंदा त्यांचं नाव विचारणार आहे मी. घरचा नंबरही. आता विचारायला हरकत नाही."

त्यानंतर ते तक्त्याची वाट बघायला लागले. लपवायचे, पण मला दिसायचं. सकाळी माझ्या आधी येऊन बसलेले असायचे. वहीच्या मागच्या पानावर आपलं नाव, घरचा पत्ता आणि शेजाऱ्यांच्या फोनचा नंबर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता, सांगताना अडखळायला नको म्हणून. माझ्या देखत त्यांनी एकदा तो पुसला आणि पुन्हा लिहिला. तोंडाने मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

तक्ता आला. खुर्ची पुढे ओढली गेली. मी कान देऊन होते, आता आवाज येईल म्हणून. आला नाही. दुपार झाली. डबा तसाच राहिला. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, जरा बघता का? मला चूक सापडत नाहीये."

"मग चहा पाजा," मी म्हटलं. "पलीकडचे सुधारले शेवटी."

ते हसले नाहीत. मी तक्ता घेतला. ओळी बरोबर, बेरजा बरोबर, रजेवरची माणसं बरोबर. आकडा बरोबर होता. मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

"करा ना फोन," मी म्हणाले.

"कारण काय लिहू?"

"लिहा तफावत. इतकी वर्षं लिहिताय. कोण बघायला येतंय?"

"तफावत नाही, तर तफावत कशी लिहू, बाई?"

मी चिडले. मला अशा वेळी चीड येते, तो माझा स्वभावच आहे. म्हटलं, माणसाने इतकंही सरळ असू नये, सरळ झाडं आधी तोडतात. त्यांनी तक्त्यावर सही केली आणि तो पुढे पाठवून दिला.

मग आपला तक्ता पाठवायची वेळ आली. त्यांनी तो केला, पाठवला आणि त्याची प्रत नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर ठेवली. मी सहज नजर टाकली आणि हबकले. आमच्या देशात एकूण शिक्षकांपेक्षा पुरुष शिक्षकच जास्त झाले होते. पहिल्याच ओळीत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यालाही दिसावं असं.

"साहेब, अहो, हे काय झालं?"

"असू द्या."

"असू द्या काय? गेला ना तो तिकडे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "छापायला अजून वेळ आहे. त्याआधी दुरुस्त होईल. चिठ्ठीवर खोटं कारण लिहिलं तर ते कधी दुरुस्त होत नाही." मग हळूच म्हणाले, "त्यांना दिसेलच हे. करतील ते फोन."

तेव्हा मला कळलं. आयुष्यातली पहिली चूक त्यांनी अगदी शांतपणे, विचार करून केली होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजायचा आणि तो माझा असायचा. यंदा बायका किती? मी आकडा सांगायचे आणि समोर बघायचं टाळायचे. ते पाणी प्यायलासुद्धा उठायचे नाहीत. गुडघा दुखत असेल म्हणून मी पाण्याचं भांडं आणून त्यांच्याजवळ ठेवायला लागले, तर म्हणाले, "गुडघ्याचं नाही हो. उठलो आणि नेमका तेवढ्यात वाजला तर?"

आणि एका सकाळी वाजला. त्यांनी दोनदा वाजू दिला, केसांवरून हात फिरवला आणि उचलला.

"कोण, पलीकडचे का?"

"नमस्कार. मी तिकडच्या कचेरीतून बोलतेय." मुलीचा आवाज होता. कोवळा, सावकाश, शब्द जुळवत बोलणारा. "तुमच्या तक्त्यात पहिल्या ओळीत गडबड आहे. पुरुष एकूणपेक्षा जास्त आहेत."

"असं का? बघतो." ते थांबले. "तिथे एक गृहस्थ असायचे. पुरुषांचा तक्ता करायचे."

"ते गेले," मुलगी म्हणाली. "थंडीत. छातीचं दुखणं होतं. तुम्हाला कळवलं नाही कुणी... कळवणार तरी कोण, नाव कुठे माहीत होतं. तुम्हीच पलीकडचे का?"

मी खुर्चीतून अर्धी उठले होते.

"मला त्यांनीच काम शिकवलं," ती मुलगी बोलत राहिली. गप्प राहिलेल्या माणसाशी बोलताना कोवळी माणसं बोलतात तशी, भराभर. "खोकत खोकत यायचे, पण सगळं शिकवलं. रजेवरची माणसं कशी धरायची, ते फार नीट शिकवलं. आणि म्हणाले, तुमच्याकडे जो तक्ता जातो त्यात दरवर्षी एक चूक ठेवायची. सोपी ठेवायची, चटकन सापडेल अशी. मला वाटलं, थट्टा करतायत. मी आकडे बरोबर पाठवले. माझं चुकलं का?"

"नाही," बाप्येसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "बरोबर पाठवलेत. आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, पलीकडचे रागावतील. त्यांना पोटभर रागावू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. आणि मग..." ती अडखळली. "मग विचारायचं. तुमचा गुडघा कसा आहे?"

त्यांनी एक हात खिडकीच्या चौकटीवर टेकला.

"आहे जागेवर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नाव विचारायचं राहिलंच. वहीचं मागचं पान उघडून समोर ठेवलेलं होतं, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. स्टुलाशेजारीच ते बराच वेळ उभे राहिले. मग टेबलाशी आले, निळ्या टोकाने पहिल्या ओळीतला आकडा खोडून बरोबर आकडा लिहिला आणि तिकडे कळवायला म्हणून प्रत माझ्यापुढे सरकवली.

"मी कधी चुकलोच नाही, बाई," ते म्हणाले. "म्हणून दरवर्षी त्यालाच चुकावं लागलं. आणि मी त्याला वेंधळा म्हणायचो हो."

मी रडले. कचेरीत रडणाऱ्या बायकांना मी नावं ठेवत आले होते, पण त्या दिवशी रडले. त्यांनी मला पाण्याचं भांडं दिलं, जे मीच त्यांच्यासाठी भरून ठेवलेलं होतं.

ते निवृत्त झाले. निरोपाला नव्या साहेबांनी छान भाषण केलं, त्यात त्यांनी आयुष्यात एकही चूक केली नाही असं सांगितलं. टाळ्या झाल्या. बाप्येसाहेब जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या आठवड्यात टेबल हलवलं. आता एकूण वजा बायका, की बाप्ये आले. रजेवरच्यांची काळजी प्रोग्रॅम घेतो म्हणतात. कशी घेतो, ते मी कधी तपासलं नाही.

पुढच्या वर्षी त्या मुलीचा तक्ता आला. माझ्या डोळ्यांखालून जायची आता गरज नव्हती, पण जुनी सवय म्हणून उघडला. पहिल्याच ओळीत चूक होती. एका मोठ्या विद्यापीठातले सगळे पुरुष गायब. तिच्या लक्षात आलं होतं, फक्त एक वर्ष उशिरा.

मी बाप्येसाहेबांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, त्यांना बोलावून घेतलं. जिना उतरून यायला त्यांना वेळ लागला. मी सांगितलं.

"पोरगी गुणी आहे," ते म्हणाले. "पण तिला सांगा, आकडे बरोबर पाठव. इथे आता तपासायला कुणी बसत नाही. चूक तशीच छापली जाईल."

"तुम्ही येता का? तुम्हीच बोला तिच्याशी."

"कारण काय लिहिणार?" ते म्हणाले. "तफावत तर तुम्हाला सापडली आहे."

मी चिठ्ठी भरली, सही घेतली आणि फोन लावला. मुलीने हळूच विचारलं, "ते नाहीत का?" मी सांगितलं की आता ते इथे येत नाहीत, घरी असतात, आणि त्यांचा निरोप सांगितला. तिने बरोबर आकडा दिला. तो लिहून झाल्यावर मी म्हणाले, "आता आणखी एक नंबर लिहून घे. कचेरीचा नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचा आहे. ते बोलावून देतात."

तिने लिहून घेतला. मग म्हणाली, "पण मी काय सांगू त्यांना? आता तर चूकही नाही."

"गुडघ्याचं विचार," मी म्हणाले.